प्रकाशाची मात्रा

(न्यासाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालय प्रशासनाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



वार्षिक सभेत प्रशासनाने जमाखर्च मांडावा, वर्षभरातील कार्याचा आढावा घ्यावा आणि सहकार्याबद्दल ऋण व्यक्त करावे, असा प्रघात आहे. तो ताळेबंद या अहवालाच्या पुढील पानांवर आहेच. आज मात्र रुग्णांच्या देयकातील एकाच ओळीविषयी बोलण्याची अनुज्ञा आम्ही अध्यक्ष महोदयांकडे मागितली आहे. ती ओळ 'प्रकाशोपचार' ही होय. नवजात बालकाला कावीळ झाली म्हणजे त्याला निळ्या दिव्याखाली ठेवतात, त्याचा हा आकार.

औषधाची बाटली दिसते, शस्त्रक्रियेचा टाका दिसतो. पण उजेडाचे पैसे कसले, असा प्रश्न देयकाच्या खिडकीपाशी अनेक नातेवाईक विचारतात. तो विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. घोड आणि भीमा या नद्यांच्या आमच्या मुलखात, शिरूरला काय आणि दौंडला काय, ऊन वर्षातील बहुतेक दिवस दारात फुकट पडलेले असते. दुसरीकडे, आईवडिलांच्या स्मरणार्थ रुग्णालयाला 'एक निळा दिवा' देऊ इच्छिणारे सज्जनही आम्हाला भेटतात. या दोघांनाही आमचे उत्तर एकच आहे. प्रकाश हे औषध आहे, आणि औषधाला मात्रा असते. ती मात्रा मोजण्याची, टिकवण्याची आणि योग्य वेळी पोहोचवण्याची व्यवस्था हाच या देयकातील खरा खर्च आहे.

आमचे काम हिशेबाचे, वैद्यकाचे नव्हे. तरीही आपल्या डॉक्टरांकडून आणि परिचारिकांकडून जे समजून घेतले, ते साध्या शब्दांत मांडण्याचा प्रयत्न करतो.

रात्री वीज गेली की मुले बॅटरीच्या झोतावर बोटे धरतात आणि ती लालभडक दिसतात. झोतात सर्व रंग असतात. परंतु रक्तातील हिमोग्लोबिन निळा आणि हिरवा रंग शोषून घेते आणि तांबडा बऱ्याच प्रमाणात पलीकडे जाऊ देते. त्वचा ही अशी एक चाळणी आहे. कोणता किरण किती खोल उतरणार, हे त्याच्या तरंगलांबीवर ठरते. ही लांबी नॅनोमीटरमध्ये मोजतात; एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. आपल्या डोळ्यांना साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश दिसतो. त्याहून आखूड ते अतिनील किरण. त्यांपैकी २८० ते ३१५ नॅनोमीटरचे 'बी' किरण बहुतांशी वरच्या त्वचेतच अडतात, ३१५ ते ४०० नॅनोमीटरचे 'ए' किरण आतल्या त्वचेपर्यंत पोहोचतात, आणि तांबडे व अवरक्त किरण त्याहूनही खोल जातात. वाटेत मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य पहारा करते. ते तयार करणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या आणि सावळ्या माणसांत जवळजवळ सारखीच असते. फरक असतो तो मेलॅनिनच्या प्रमाणात आणि प्रकारात.

प्रकाशाला औषध म्हणून जगाने मान्यता दिली, त्यालाही शतकाहून अधिक काळ लोटला. डेन्मार्कचे डॉ. नील्स फिन्सेन यांनी चेहरा विद्रूप करणाऱ्या त्वचेच्या क्षयरोगावर एकवटलेल्या प्रकाशकिरणांनी उपचार केले आणि १९०३ साली त्यांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

नवजात बालकांच्या काविळीची कथा याहून रोचक आहे, कारण तिचा प्रारंभ एका परिचारिकेच्या निरीक्षणातून झाला. १९५६ साली इंग्लंडमधील रॉचफर्ड येथील रुग्णालयात सिस्टर जीन वॉर्ड या अपुऱ्या दिवसांच्या बालकांना उन्हाच्या दिवशी अंगणात नेत असत. एकदा त्यांनी डॉक्टरांना एक बालक दाखवले. त्याचे सर्वांग फिकट झाले होते. चादरीच्या कोपऱ्याने झाकलेला त्रिकोणी भाग तेवढा पिवळाधमक राहिला होता. त्याच सुमारास काविळीच्या रक्ताची एक नळी खिडकीत उन्हात राहिली आणि तिच्यातील पिवळे द्रव्य तपासणीत अनपेक्षितपणे कमी भरले. या दोन गोष्टींची संगती लावून डॉ. क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निळ्या प्रकाशाचे उपकरण बनवले आणि १९५८ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आपला अनुभव प्रसिद्ध केला.

हे पिवळे द्रव्य म्हणजे बिलिरुबिन. जुन्या तांबड्या पेशी फुटल्या की ते तयार होते आणि यकृत त्याचा निचरा करते. नवजात बालकाचे यकृत त्या कामाला अद्याप सरावलेले नसते. त्यामुळे दिवस भरून जन्मलेल्या बालकांपैकी सुमारे ६० टक्के आणि अपुऱ्या दिवसांच्या बालकांपैकी सुमारे ८० टक्के बालके पहिल्या आठवड्यात थोडीफार पिवळी दिसतात. बहुतेकांचा पिवळेपणा आपोआप ओसरतो. काहींच्या बाबतीत मात्र बिलिरुबिन इतके वाढते की ते मेंदूत उतरते. मग बालक सुस्त होते, दूध ओढत नाही, अंग ताठ करते. आणि वाचले तरी बहिरेपण किंवा हातापायांचे कायमचे अपंगत्व त्याच्या वाट्याला येऊ शकते. ४६० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश त्वचेतून आत शिरतो आणि बिलिरुबिनच्या रेणूची घडण अशी पालटतो की यकृताने विशेष प्रक्रिया न करताही ते पित्तावाटे आणि लघवीवाटे बाहेर पडते. या दिव्यातून अतिनील किरणांचा उपयोग केला जात नाही. 'बाळाला काचेत ठेवले' म्हणून आजीच्या डोळ्यांना धार लागते, तेव्हा त्या काचेत एवढेच घडत असते.

आता उन्हाचा प्रश्न. इंग्लंडच्या अंगणात ऊन उपयोगी पडले, तर शिरूरच्या अंगणात का पडू नये? उन्हात निळ्या प्रकाशासोबत अतिनील किरण आणि उष्णताही येते. उपचार व्हावयाचा तर बालक उघडे ठेवावे लागते, आणि तेही तासन् तास, रात्रीसुद्धा. उघडे बालक दुपारच्या उन्हात भाजते, त्याच्या अंगातील पाणी कमी होते. आणि पौषातील सकाळी ते गारठते. अंगडे-टोपडे घालून दहा मिनिटे कोवळ्या उन्हात धरल्याने वाढलेली कावीळ उतरत नाही; उलट 'ऊन दाखवतो आहोत' या समाधानात मोलाचे दोन दिवस निघून जातात. नायजेरियात उन्हाचा शास्त्रशुद्ध उपयोग करून पाहण्यात आला आणि त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. तेथे अतिनील किरण व उष्णता अडवणाऱ्या विशेष पडद्यांखाली बालकांना ठेवले आणि प्रकाशाची तीव्रता व बालकांचे तापमान वारंवार मोजले. तो उपचार नेहमीच्या दिव्यापेक्षा कमी ठरला नाही. म्हणजे ऊन फुकट असले, तरी ते गाळण्याचा, मोजण्याचा आणि राखण करण्याचा खर्च तेथेही चुकला नाही.

दिव्याच्या मात्रेकडे वळू. आपल्या घरातील जुन्या जाणत्या बायका बाळगुटी उगाळताना प्रत्येक मुळीचे सहाणेवर किती वेढे द्यायचे, ते मोजून देत. बाळगुटीविषयी आजच्या डॉक्टरांचे मत वेगळे असले, तरी वेढे मोजण्याची ती शिस्त आम्हाला येथे आठवते. निळ्या प्रकाशाचेही वेढे ठरलेले आहेत. तीव्र कावीळ उतरवावयाची तर बालकाच्या त्वचेवर पडणारी तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला, दर नॅनोमीटरमागे किमान ३० मायक्रोवॅट असावी, असा वैद्यकाचा दंडक आहे. ती मोजण्याच्या उपकरणाला फ्लक्स मीटर म्हणतात. दिवा जरा उंच टांगला की तीव्रता घटते. नळ्या जुन्या झाल्या की डोळ्यांना त्या तेवढ्याच उजळ दिसतात. परंतु निळ्या किरणांचा जोर उतरलेला असतो. एलईडीचे दिवे अधिक काळ टिकतात, पण मोजणी त्यांनाही चुकत नाही. मीटरवाचून दिवा वापरणे म्हणजे काटा नसलेल्या तराजूने सोने तोलण्यासारखे आहे.

दिव्याभोवतीची दक्षताही या मात्रेचाच भाग होय. बालकाचे डोळे झाकावयाचे, लंगोटाखेरीज अंग उघडे ठेवावयाचे, कुशी बदलावयाची, तापमान पाहावयाचे, आणि आईचे दूध थांबवावयाचे नाही. शिवाय एक गोष्ट नातेवाइकांनी आवर्जून लक्षात ठेवावी. दिव्याखाली सर्वप्रथम त्वचेचा रंग फिकट होतो. रक्तातील बिलिरुबिन त्या वेळीही वर असू शकते. रॉचफर्डच्या बालकावरील त्या त्रिकोणाने हेच दाखवले होते. म्हणून 'बाळ गोरे झाले, आता घरी सोडा' असा आग्रह धरला जातो, तेव्हा आपले डॉक्टर रक्ताच्या तपासणीसाठी थांबतात. ती तपासणी देयक वाढवण्यासाठी नसते.

या उपचाराची सर्वांत मोठी अडचण मात्र यंत्रात नाही, ती वेळेत आहे. काविळीचा जोर साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वाधिक असतो, आणि आई तोवर बहुधा घरी गेलेली असते. घरी बाळंतिणीची खोली अंधारी, अंगाला हळद लावण्याची चाल, आणि त्यात बाळाचा मूळचा सावळा वर्ण. पाचवीच्या पूजेला घर भरलेले असते. तरी पिवळेपणा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. दृष्टीस पडलाच तर काविळीची माळ, उतारा यांत आणखी वेळ जातो. आपल्या भागात यात भर पडते ती स्थलांतराची. हंगाम सुरू झाला की बीड-अहिल्यानगरकडील कोयत्याची जोडपी भीमेकाठच्या उसात उतरतात आणि तळावरच्या कोपीत संसार मांडतात. रांजणगाव व कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींभोवतीच्या भाड्याच्या खोल्यांत परप्रांतांतील कुटुंबे राहतात. बाळंतपणानंतर आशा सेविकेने तिसऱ्या, सातव्या आणि पुढील ठरलेल्या दिवशी घरी येऊन बाळ पाहावे, अशी योजना २०११ पासून देशभर आहे. तिची मूळ प्रेरणा डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीतील कार्याची, याचा महाराष्ट्राला सार्थ अभिमान आहे. परंतु आज या फडात आणि उद्या त्या फडात असणाऱ्या बाळंतिणीचे नाव अनेकदा कोणत्याच गावाच्या यादीत नसते.

म्हणून येथे उपस्थित प्रत्येक कुटुंबाला आमची विनंती आहे. पहिल्या आठवड्यात बाळाला रोज एकदा दाराशी, दिवसाच्या उजेडात न्यावे. कपाळ किंवा नाकाचा शेंडा बोटाने हलकेच दाबून सोडावा आणि उमटणारा रंग पाहावा. सावळ्या बाळाच्या हिरड्या आणि डोळ्यांतील पांढरा भाग पाहावा. जन्मापासून चोवीस तासांच्या आत पिवळेपणा दिसला, तळहात-तळपाय पिवळे झाले, किंवा बाळ दूध ओढेनासे झाले, तर मुहूर्त पाहू नये, निघावे. आईचा रक्तगट निगेटिव्ह असल्यास विशेष सावध राहावे. आणि ट्रंकेत डांबरगोळ्यांसह ठेवलेले कपडे बाळाला तसेच घालू नयेत. काही बालकांच्या रक्तात जन्मजात अशी एक उणीव असते, की त्या वासानेही तांबड्या पेशी फुटून कावीळ एकाएकी वाढते.

प्रकाश आणि त्वचा यांचा संबंध येथेच संपत नाही. रुग्णालयात येणाऱ्या प्रत्येकाच्या बोटाला लावतात तो ऑक्सिमीटर याच तत्त्वावर चालतो. जपानचे ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात शोधलेली ही पद्धत बोटातून तांबडा आणि अवरक्त प्रकाश पाठवते आणि रक्तातील प्राणवायूचा अंदाज देते. २०२०-२१ च्या कोविडकाळात हा चिमटा घरोघरी पोहोचला. परंतु २०२० च्या अखेरीस अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की प्राणवायू प्रत्यक्षात कमी असताना यंत्राने तो पुरेसा दाखवण्याचे प्रसंग कृष्णवर्णीय रुग्णांत सुमारे तिप्पट होते. त्वचेवरील पहारेकरी यंत्रालाही चकवतो. म्हणून आकडा ठीक असला तरी धाप लागलेल्या माणसाकडे पाहावे, आणि नखांना रंग असल्यास तो आधी पुसावा.

पांढरे कोड हा आणखी एक विषय, ज्यापायी आपल्याकडे आजही ठरलेली लग्ने मोडतात. कोड संसर्गजन्य नाही आणि तो कुष्ठरोगही नाही. ज्या चट्ट्याला स्पर्शाची जाणीव नसते तो वेगळा. त्याची तपासणी व उपचार सरकारी दवाखान्यात विनामूल्य होतात. कोडावर बावची लावून उन्हात बसण्याचा उपचार आयुर्वेदात फार जुना आहे. बावचीतील सोरॅलेन हे द्रव्य त्वचेला 'ए' किरणांबाबत तीव्र संवेदनशील करते. त्याच तत्त्वावर १९७० च्या दशकात पाश्चात्त्य वैद्यकात सोरॅलेन आणि यंत्रातील 'ए' किरण यांचा एकत्रित उपचार रूढ झाला. पण घरच्या घरी बावचीचे तेल चोपडून दुपारी अंगणात बसणाऱ्यांच्या अंगावर फोड उठतात, ते मात्रा चुकल्यामुळे. अलीकडे ३११ नॅनोमीटरच्या आसपासच्या अरुंद पट्ट्यातील 'बी' किरणांचा उपचार अधिक सोयीचा मानतात. १९९७ साली हॉलंडमधील डॉक्टरांनी कोडावरील त्याची उपयुक्तता दाखवून दिली. तो आठवड्यातून दोन-तीन वेळा, कित्येक महिने घ्यावा लागतो. ही सोय आपल्याकडे नसल्याने रुग्णाला सत्तर किलोमीटरच्या आसपास पुण्याला जावे लागते आणि प्रत्येक खेपेला एक दिवसाची मजुरी बुडते. बरे होत आलेले चट्टे अशा वेळी अर्ध्यावर राहतात.

कोवळ्या उन्हाविषयीही दोन शब्द बोलावेत. हाडांना आवश्यक असलेले ड जीवनसत्त्व त्वचेत तयार होते, ते 'बी' किरणांनी. सकाळी सूर्य कलता असल्याने हे किरण वातावरणातच अडतात, आणि खिडकीच्या काचेतूनही ते आत येत नाहीत. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते, तेव्हाच त्यांची मात्रा पुरेशी असते. म्हणून तान्ह्या बाळासाठी उन्हावर विसंबून न राहता डॉक्टरांनी सांगितलेले ड जीवनसत्त्वाचे थेंब रोज द्यावेत. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने पहिल्या वर्षी रोज ४०० युनिटची शिफारस केली आहे.

आता प्रशासनाच्या मूळ कर्तव्याकडे, म्हणजे निधीकडे वळतो. पैशाअभावी एकाही बालकाचा दिवा थांबू नये, हे न्यासाचे धोरण आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखावयाच्या असतात. त्यासाठी देयकांच्या २ टक्के रक्कम स्वतंत्र निधीत जमा होते. पात्र कुटुंबांनी संकोच न करता आमच्या समाजसेवा विभागाकडे यावे. सरकारी रुग्णालयांतही २०११ च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार आजारी नवजात बालकाचे उपचार विनामूल्य होतात. आमच्याकडे येणे दूर पडत असेल, तर तेथे जावे. वाट पाहू नये.

देणगीदारांना आमची विनंती थोडी निराळी आहे. दिव्यावर नावाची पाटी लागते आणि ती लागावी, यात आम्हालाही आनंद आहे. तथापि, यंदा तीन अशा गोष्टींसाठी आम्ही हात पसरत आहोत, ज्यांवर पाटी लावता येणार नाही. पहिली, फ्लक्स मीटर आणि दिव्यांच्या देखभालीचा कायम निधी, जेणेकरून असलेला प्रत्येक दिवा पूर्ण मात्रा देईल. दुसरी, 'पाचव्या दिवसाची भेट'. येथून घरी गेलेल्या आणि तळांवर राहणाऱ्या प्रत्येक बाळंतिणीपर्यंत एक परिचारिका पाचव्या दिवसाच्या आत पोहोचावी, एवढ्यासाठी वाहनाचे इंधन आणि तिचे वेतन. तिसरी, कोडाच्या गरजू रुग्णांना पुण्यापर्यंतचे प्रवासभाडे.

मीटरची नोंदवही, भेटींची यादी आणि प्रवासभाड्याचा हिशेब पुढील वार्षिक अहवालात परिशिष्ट म्हणून सादर करण्याचे आम्ही याद्वारे मान्य करतो. विश्वस्त मंडळाने या तीन बाबींसाठी स्वतंत्र खाते उघडण्यास मंजुरी द्यावी, असा प्रस्ताव सभेपुढे ठेवतो.

 रात्रपाळीत दर दोन-तीन तासांनी बाळाच्या डोळ्यांवरची पट्टी सारखी करणाऱ्या आमच्या परिचारिका भगिनींचे आभार मानून आम्ही आमचे निवेदन संपवतो.